‘जे की’ आणि ‘जीने’ : संबंधी सर्वनामे नेमकी कुठे चुकतात?

प्रश्न

नमस्कार. आमच्या गावच्या वाचनालयाच्या अहवालात मी लिहिले होते : ‘वाचनालयाला ती पुस्तके भेट मिळाली, जे की आज दुर्मीळ आहेत.’ मुद्रितशोधकांनी ‘जे की’खाली लाल रेघ ओढली आणि पुढे एका विद्यार्थिनीबद्दल लिहिलेल्या ‘जीने’चे ‘जिने’ केले. दुरुस्ती मान्य आहे, पण कारण कळले नाही तर पुढच्या वर्षी हीच चूक पुन्हा होईल. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : निवृत्त शिक्षक

संबंधी सर्वनामाचे लिंग आणि वचन ते ज्या नामाबद्दल येते त्या नामाप्रमाणे चालते. ‘पुस्तके’ हे नपुंसकलिंगी अनेकवचन असल्यामुळे येथे ‘जी’ हवे. जे मुलगे, ज्या मुली, जी मुले ही रूपे एकदा मोठ्याने म्हणून पाहावीत; ‘जी’ म्हटले की आपल्याला स्त्रीलिंगी एकवचनच आठवते आणि तिथेच गफलत होते. ‘की’ हिंदीच्या वळणाने आलेला आहे, त्याला येथे काहीच काम नाही.

विभक्ती मात्र नामाकडून येत नाही. सर्वनाम आपल्या स्वतःच्या वाक्यात कोणते काम करते, त्यावरून ती ठरते. ‘ज्याच्या हाती ससा तो पारधी’ या म्हणीत माणूस एकच आहे, तरी ‘ज्याच्या’ षष्ठीत आहे आणि ‘तो’ प्रथमेत. ‘ज्याचे जळते त्याला कळते’ हीसुद्धा तशीच.

उत्तर : मुद्रितशोधनाचे काम करणारी

‘मुलीला’, ‘नदीला’ दीर्घ लिहिण्याची सवय असल्यामुळे ‘जीला’, ‘जीने’ असे लिहिले जाते. सर्वनाम एकटे असेल तेव्हा ‘जी’ दीर्घ, पण प्रत्यय लागला की जिला, जिने, जिचा असे ऱ्हस्व होते. ‘ती’चे ‘तिला’ होते, अगदी तसेच. पुढे नाम आले तर रूपच बदलते : ‘ज्या मुलीने’ लिहावे, ‘जिने मुलीने’ नव्हे. आदरार्थी उल्लेख असेल तर बाई असोत वा गृहस्थ, ‘ज्यांनी’ हेच रूप येते.

उत्तर : भाषांतरकार

वाक्याच्या क्रमाकडेही लक्ष द्यावे, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. ‘ती साडी दे, जी काल आणली’ असे आपण बोलताना म्हणतो आणि त्यात काही वावगे नाही. परंतु लेखनात ‘जो’चे वाक्य आधी आणि ‘तो’चे नंतर, ही मराठीची मूळ घडण आहे. पुष्कळदा तर संबंधी सर्वनामाची गरजच नसते, कारण ‘काल आलेला मुलगा’ यासारखे धातुसाधित विशेषण तेच काम थोडक्यात करते. तरीही ते सर्वत्र चालत नाही : ‘ज्याच्याबरोबर मी पुण्याला गेलो तो मुलगा’ याचे ‘मी पुण्याला गेलेला मुलगा’ केले तर अर्थच नाहीसा होतो.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. आता वाक्य असे केले आहे : ‘वाचनालयाला जी पुस्तके भेट मिळाली, ती आज दुर्मीळ आहेत.’ विद्यार्थिनीच्या वाक्यात नाम लगेच येत असल्यामुळे तेथे ‘ज्या विद्यार्थिनीने’ लिहिले आहे.