रविवारच्या अंजनेरीला आणि मुक्कामाच्या साल्हेरलाही चालेल अशी एकच हलकी सॅक कशी निवडावी?

प्रश्न : पायवाट (नाशिकरोड)

नमस्कार. मी शाळेत शिकवते आणि गेली तीन वर्षे सुट्टीच्या दिवशी नियमाने डोंगरात जाते. रामशेज, अंजनेरी, हरिहर अशी एका दिवसाची भटकंती महिन्यातून दोनदा तरी होते, श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारची ब्रह्मगिरीची फेरी मी चुकवत नाही, आणि हिवाळ्यात एखाद-दुसरा मुक्कामाचा ट्रेक असतो. आतापर्यंत मुलीच्या कॉलेजच्या सॅकवर निभावले. मागच्या डिसेंबरात मात्र साल्हेरला मुक्कामी जायचे म्हणून एका परिचितांची 60 लिटरची सॅक मागून नेली आणि वाघांब्याहून वर पोहोचेपर्यंत दोन्ही खांदे भरून आले. कंबरपट्टा कितीही आवळला तरी तो कमरेवर न टिकता खाली मांडीच्या सांध्यापाशी घसरत होता आणि प्रत्येक उंच पावलाला काचत होता. घरी आल्यावर चार दिवस मान वळत नव्हती.

माझी उंची 5 फूट 1 इंच आणि वजन 52 किलो आहे. आता स्वतःची एकच सॅक घ्यायची आहे, जी दिवसाच्या चढाईला अवजड वाटणार नाही, एका मुक्कामाला पुरेल, आणि एसटीत गर्दी असली तर मांडीवर घेऊन बसता येईल. किती लिटरची घ्यावी? पाठीला जाळी असलेली चांगली की साधी? पावसासाठी सोबत मिळणारे रेनकव्हर पुरेसे असते का? एकदाच खर्च करायचा आहे, म्हणून अनुभवी मंडळींनी सविस्तर सांगावे ही विनंती.

उत्तर : सह्यवारी (पंचवटी)

ताई, तुम्ही जे वर्णन केले आहे त्यात तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. ती सॅक जड होती त्यापेक्षा ती तुमच्या पाठीला लांब होती, आणि हे आपल्याकडे दुकानात कोणी विचारतही नाही. सॅक माणसाच्या उंचीवर बसत नाही, ती पाठीच्या लांबीवर बसते. एकाच उंचीच्या दोन व्यक्तींच्या पाठींच्या लांबीत दोन-दोन इंचांचा फरक असू शकतो.

माप घरीच घेता येते. मान पुढे झुकवा. मानेच्या मुळाशी मणक्याचे जे टोक सर्वांत जास्त वर येते त्यावर मुलीला टेपचे एक टोक धरायला सांगा. मग दोन्ही हात कमरेवर असे ठेवा की अंगठे मागे येतील आणि तळवे कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेवर टेकतील. दोन अंगठ्यांना जोडणारी रेषा जिथे मणक्याला छेदते तिथपर्यंतचे अंतर म्हणजे तुमच्या पाठीची लांबी. टेप मणक्याच्या बाकाला धरून सोडायचा, ताणायचा नाही. बाजारातल्या बहुतेक मोठ्या सॅक साधारण 18 ते 20 इंचांच्या पाठीसाठी बेतलेल्या असतात. तुमचे माप 16 च्या आसपास आले तर कंबरपट्टा मांडीवर का उतरत होता हे लगेच कळेल. पट्टा कमरेच्या हाडाला वेढून बसला पाहिजे, म्हणजे ओझ्याचा मोठा भाग पायांवर जातो आणि खांदेपट्ट्यांचे काम सॅक पाठीला धरून ठेवण्यापुरते उरते. पट्टा हाडाखाली गेला की सगळा भार खांद्यांवर येतो, तुमच्या बाबतीत तेच झाले.

लिटरचा विचार त्यानंतर करावा, आणि तोही सामान मोजून. एका दिवसाला आपल्याकडे सर्वांत जड वस्तू पाणीच असते. मार्चनंतर अंजनेरीला गेलात तर माणशी 3 लिटर म्हणजे सरळ 3 किलो झाले. डबा, पावसाळी जाकीट, औषधे आणि विजेरी धरून ओझे 5 किलोच्या पुढे फारसे जात नाही. मुक्कामाला झोपण्याची पिशवी, अंथरायची चटई, एक गरम कपडा आणि दोन वेळचा शिधा वाढतो, तरी नीट निवड केली तर सगळे 8-9 किलोंत बसते. पाठीवरचे ओझे शरीराच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत असावे असा ढोबळ नियम आहे. तुमच्या बाबतीत तो आकडा 10 किलोंच्या जवळ येतो.

इथे नाशिक जिल्ह्याचा एक मोठा फायदा आहे. साल्हेरवर आणि धोडपवर मुक्काम गुहेत करता येतो, त्यामुळे तंबू न्यावा लागत नाही, आणि सॅकमधली सर्वांत जास्त जागा खाणारी वस्तू यादीतूनच जाते. म्हणून 60 लिटरची गरज तुम्हाला नव्हतीच. 32 ते 36 लिटरची, स्वतः 1 किलोच्या आत-बाहेर वजनाची, पाठीत फोमचा ताठ पत्रा किंवा ॲल्युमिनियमची एखादी पट्टी असलेली, आणि दोन्ही बाजूंना आवळायचे पट्टे असलेली सॅक शोधा. बाजूचे पट्टे आवळले की अर्धी रिकामी सॅकही चपटी होते, आतले सामान चालताना हलत नाही आणि तीच सॅक रविवारी दिवसभराला चालते. मोठ्या रिकाम्या सॅकचेच वजन 2 किलो असते. तुम्ही ती सोडलीत तर तेवढ्याच श्रमात लिटरभर पाणी जास्त नेता येईल.

पाठीच्या जाळीबद्दल: ताणलेल्या जाळीमुळे पाठीला वारा लागतो हे खरे, पण तिच्यासाठी मागे बाक दिलेली चौकट लागते. चौकटीचे वजन वाढते आणि सामान पाठीपासून दूर जाऊन मागे ओढते. सपाट वाटेवर हे जाणवत नाही. आपल्या डोंगरांत चढ उभा असतो, तिथे मला पाठीला चिकटलेली सॅकच बरी वाटते. घाम येतो, तो येऊ द्यावा.

उत्तर : कातळपायरी (सातपूर)

वरील उत्तराशी मी बराचसा सहमत आहे, पण एकाच सॅकवर सर्व भागवावे या मूळ कल्पनेबद्दल माझे मत वेगळे आहे. आपण हरिहरचा उल्लेख केला आहे. तिथल्या उभ्या कातळपायऱ्यांवर दोन्ही हातांनी खोबण्या धरून चढावे लागते, आणि दरवाजातून पुढे गेल्यावर कातळाच्या छताखालून वाकून जावे लागते. डोक्यापेक्षा वर आलेली सॅक तिथे छताला घासते, माणूस दचकून सरळ होऊ पाहतो, आणि दरी शेजारीच असते. मी हे समोर घडताना पाहिले आहे. त्या मुलाला मागच्याने कंबरपट्ट्याला धरले म्हणून तो सावरला. शिवाय बाजूच्या उथळ कप्प्यातली बाटली खाली सुटली तर पायऱ्यांवर रांगेत उभ्या असलेल्यांपैकी कोणाला लागेल हे सांगता येत नाही. माझ्या मते दिवसासाठी 20-22 लिटरची लहान सॅक वेगळी असावी आणि वर्षातून दोन मुक्कामांसाठी मोठी सॅक भाड्याने किंवा मागून घ्यावी, फक्त या वेळी पाठीचे माप जुळवून. एकच घ्यायची असेल, तर तिचा माथा आपल्या मानेच्या वर जाणार नाही आणि बाजूचे कप्पे बाटलीच्या गळ्यापर्यंत खोल असतील एवढे तरी पाहावे. चटई बाहेर आडवी बांधू नये.

पावसाबद्दल मात्र मी ठामपणे सांगेन की रेनकव्हरवर विसंबू नये. कव्हर सॅकच्या बाहेरच्या बाजूला असते, तर त्र्यंबक-इगतपुरीच्या पट्ट्यातला पाऊस मानेवरून ओघळून सॅक आणि पाठ यांच्यामधून आत शिरतो. वाऱ्याने कव्हर फुग्यासारखे भरते आणि करवंदीच्या जाळीत अडकून फाटते ते वेगळेच. आत एक जाड, मोठी प्लास्टिकची पिशवी घालावी, सामान त्यात भरावे, तोंड पिळून खाली दुमडावे. ब्रह्मगिरीच्या फेरीत रात्रभर भिजूनही माझे कोरडे कपडे केवळ या पिशवीमुळे कोरडे राहिले आहेत.

उत्तर : टाका-रनर (जुने नाशिक)

मी डोंगरात क्वचितच जातो, पण सॅक आणि बॅगा दुरुस्त करणे हे माझे रोजचे काम आहे, त्यामुळे माझ्याकडे काय फाटून येते ते सांगतो. मधले कापड फाटले म्हणून येणारी सॅक फार कमी. बहुतेक सॅक खांदेपट्टा वरच्या शिवणीतून उसवला म्हणून किंवा चेनचा रनर झिजला म्हणून येतात.

दुकानात सॅक उलटी करून आतून पाहा. खांदेपट्टा जिथे शिवला आहे तिथे एकच सरळ शिवण दिसली तर ती सॅक परत ठेवा. तिथे दाट आडव्या टाक्यांची पट्टी दोन-तीन ठिकाणी मारलेली हवी, आणि कापडाची कच्ची कड पायपिंगने झाकलेली हवी, नाहीतर कडेचे धागे सुटत सुटत शिवणीपर्यंत पोहोचतात. चेन बंद करून मागे उघडी राहत असेल तर बहुधा चेन चांगलीच असते, रनर सैल झालेला असतो. तो बदलून मिळतो, सगळी चेन बदलायची गरज नसते. पकडीने दाबलेला रनर काही दिवसच टिकतो.

कापडावर डेनियरचा आकडा लिहिलेला असतो. 9000 मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन म्हणजे तो आकडा, म्हणून आकडा मोठा तेवढा धागा जाड. अंगाला 100 ते 210 डेनियरचे चौकडीच्या विणीचे नायलॉन हलके पडते आणि चालतेही, कारण त्या विणीत फाटलेले भोक पुढे पसरत नाही. बूड मात्र जाड घ्या, कारण सॅक दर विश्रांतीला कातळावर टेकली जाते.

आणखी एक. आतला पाणीरोधक थर बहुधा पॉलियुरेथेनचा असतो आणि दमटपणात तो हळूहळू कुजतो. पावसाळ्यानंतर सॅक ओली तशीच माळ्यावर टाकली की वर्ष-दोन वर्षांत आत चिकटपणा येतो, आंबट वास सुटतो आणि पापुद्रे गळू लागतात. त्यावर माझ्याकडे इलाज नाही. ट्रेकहून आल्यावर सर्व कप्पे उघडून, सॅक उलटी टांगून सावलीत पूर्ण वाळवावी. कपडे धुण्याच्या यंत्रात घालू नये.

पायवाट (नाशिकरोड)

सर्वांचे मनापासून आभार. मुलीने माप घेतले, ते साडेपंधरा इंच आले. त्यानंतर घरून 5 किलो गव्हाच्या पिठाची पिशवी आणि पाण्याच्या 3 बाटल्या सोबत घेऊन दुकानात गेले आणि दोन सॅक तेवढ्या ओझ्यासह पाठीवर घेऊन जिना चार वेळा चढले-उतरले. जाळीच्या सॅकने खरोखरच प्रत्येक पायरीला मागे ओढ लावली. 34 लिटरची दुसरी, पाठीची लांबी कमी-जास्त करता येणारी, वजनाला 1100 ग्रॅम असलेली सॅक सर्वांत आखूड मापावर लावली तेव्हा पट्टा पहिल्यांदाच कमरेच्या हाडावर बसला. शिवण आतून पाहिली, आडव्या टाक्यांच्या पट्ट्या आहेत. कातळपायरी यांचा मुद्दा मनात ठेवून हरिहरला मुलीचीच लहान सॅक नेईन. आता एकच शंका उरली आहे: अर्ध्या तासाने खांद्याच्या पुढच्या बाजूला थोडे दडपण जाणवते. सॅक चुकली का?

सह्यवारी (पंचवटी)

सॅक चुकलेली वाटत नाही, क्रम चुकत असावा. आधी सगळे पट्टे सैल करा. सॅक पाठीवर घ्या, कंबरपट्टा हाडावर ठेवून तोच प्रथम आवळा, मग खांदेपट्टे फक्त सॅक पाठीला टेकेल एवढेच ओढा, आणि खांद्याच्या वरून सॅकच्या माथ्याकडे जाणारे दोन छोटे पट्टे शेवटी हलके ताणा. छातीपट्टा श्वास अडणार नाही इतका सैल असू द्या. पाण्याच्या बाटल्या किंवा शिधा पाठीला लागून मधोमध भरा आणि झोपण्याची पिशवी तळाशी घाला. जड सामान बाहेरच्या बाजूला राहिले की खांदे त्याला पुढे खेचत बसतात. एवढे करून एकदा रामशेजला भरल्या सॅकने जाऊन या. दुकानातली चिठ्ठी मात्र तोवर जपून ठेवा, म्हणजे दडपण तसेच राहिले तर दुकानदाराशी बदलून घेण्याबाबत बोलता येईल.