जुनी वॅगनआर घ्यावी का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, घोडबंदर रोडला राहतो, आईला गुडघ्यांमुळे रिक्षात चढता येत नाही म्हणून लाखाच्या आत गाडी बघतोय. २०१२ ची पेट्रोल वॅगनआर मिळतेय, एमएच ०४ पासिंग. गार इंजिन एका सेल्फमध्ये चालू झालं, धूर नाही, पण मॅट उचलली तर पत्र्याला गंज आणि सीटबेल्ट पूर्ण ओढला तर टोकाला वाळलेल्या चिखलाची रेघ, म्हणजे पाण्यात बुडालेली असणार असं मला वाटतंय, मालक नाही म्हणतो. शिवाय २०२७ ला १५ वर्षं होतील, मग फिटनेस करून पाच वर्षांचं पासिंग, ग्रीन टॅक्स आलाच. अशा गाडीचं वायरिंग नंतर त्रास देतं का? ठाण्यात रॅम्पवर चढवून नीट चेक करणारा विश्वासू मेकॅनिक सुचवा प्लीज, रविवारपर्यंत मालकाला सांगायचंय.