एलेना अख्मिलोव्स्काया: अर्धवट सोडलेली स्पर्धा की सिअ‍ॅटलमधले शिकवणे?

धागालेखिका:
सोव्हिएत बुद्धिबळपटू एलेना अख्मिलोव्स्काया यांचे नाव निघाले की चर्चा 1988 च्या थेसालोनिकी (ग्रीस) येथील बुद्धिबळ ऑलिंपियाडवरच, म्हणजे देशांच्या संघांच्या स्पर्धेवरच अडते. नऊ डावांत साडेआठ गुण झालेले असताना त्यांनी अमेरिकी बुद्धिबळपटू जॉन डोनाल्डसन यांच्याशी लग्न केले आणि स्पर्धा संपण्याआधीच त्या आपला संघ आणि देश सोडून अमेरिकेला गेल्या. मला मात्र त्या प्रशिक्षक म्हणून अधिक मोठ्या वाटतात. 1986 मध्ये महिलांच्या जगज्जेतेपदासाठी तेव्हाच्या जगज्जेत्या माया चिबुर्दानिद्झे यांच्याशी लढलेली ही खेळाडू पुढे अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलमध्ये लहान मुलांना शिकवत राहिली. त्यांना स्वतःलाही बुद्धिबळ आईकडूनच, म्हणजे पत्राद्वारे खेळणाऱ्या लिडिया यांच्याकडून मिळाले होते.

सह्यवासी:
शिकवण्याबद्दल आदर आहेच, पण त्याने आधीचे वागणे झाकले जात नाही. महिलांची लढत तीन पटांवर होत असे आणि चौथी खेळाडू राखीव असे. दुसऱ्या पटावरची खेळाडूच निघून गेल्यावर संघातल्या उरलेल्या तिघी, म्हणजे चिबुर्दानिद्झे, लेविटिना आणि लिटिन्स्काया यांना उरलेल्या प्रत्येक फेरीत विश्रांतीविना बसावे लागले. अखेर हंगेरीचे 33 गुण झाले आणि सोव्हिएत संघाचे 32.5, म्हणजे एका बरोबरीच्या अर्ध्या गुणाइतकाच फरक. सहकाऱ्यांना मध्येच सोडणाऱ्या व्यक्तीला आदर्श प्रशिक्षक म्हणणे मला पटत नाही.

कृष्णाकाठ:
सुवर्णपदक हंगेरीने खेळून मिळवले. बारा वर्षांच्या ज्युडिट पोल्गारने 13 डावांत 12.5 गुण केले, हे विसरून सगळा दोष एकीच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. शिवाय देशाबाहेर पाऊल टाकायलाही जिथे सरकारची परवानगी लागत होती, तिथे स्पर्धा संपवून घरी परतल्यावर पुन्हा सुटता येईल, याची खात्री त्यांना कोण देणार होते? मुलगी मायदेशी राहिली होती, म्हणजे निर्णय सहज घेतलेला नव्हता. त्याच संघातल्या लेविटिनाही पुढे अमेरिकेला गेल्या आणि 1993 चे अमेरिकी महिला विजेतेपद या दोघींनी वाटून घेतले.

सह्यवासी:
पोल्गारचे श्रेय मान्य, आणि परवानगीचा मुद्दाही खरा. तरीही त्या व्यवस्थेचा जाच उरलेल्या तिघींनाही होताच, आणि पटावर बसायचे ओझे मात्र त्यांच्यावरच आले. लेविटिना अर्ध्या स्पर्धेतून उठून गेल्या नव्हत्या.

धागालेखिका:
त्या तिघींवर अन्याय झाला, हे मी नाकारत नाही. पण 2012 मध्ये वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी त्या वारल्या. जॉर्जी ऑर्लोव्ह या दुसऱ्या पतीसह मुलांना शिकवण्यात गेलेल्या वर्षांचा उल्लेख, थेसालोनिकीच्या त्या काही दिवसांपुढे एका ओळीत उरकला जावा, हे मला मान्य नाही.