मदत हवी आहे - केअर होममध्ये आत्याच्या दंडांवर काळेनिळे डाग, पुढे काय करायचं?

कोरांटी:
नमस्कार मंडळी, लांबलचक होणार आहे, आधीच सॉरी.

माझी आत्या 81 वर्षांची आहे, डिमेन्शिया आहे, मला ओळखते पण हाक तिच्या धाकट्या बहिणीच्या नावाने मारते. मूलबाळ नाही, यजमान गेले, त्यामुळे तिचं सगळं मी आणि माझा चुलतभाऊ बघतो. घरी करणं झेपेना म्हणून तिला केअर होममध्ये ठेवलं, सुरुवातीला खरंच बरं चाललं होतं.

परवा तिचे केस विंचरताना बाही वर सरकली आणि दोन्ही दंडांवर डाग दिसले. बाहेरच्या बाजूला ओळीने तीन-चार छोटे गोल आणि आतल्या बाजूला एक मोठा, दोन्हीकडे जवळपास सारखेच. दिवसपाळीच्या मावशींना विचारलं तर म्हणाल्या, अहो त्यांना रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, नुसता हात लावला तरी डाग पडतो. निघताना सिस्टर भेटल्या त्या म्हणाल्या बाथरूममध्ये पाय घसरला होता. पडल्याचा फोन मला आला नव्हता, चुलतभावालाही नाही.

एवढंच असतं तर मी गोळीवर सोडून दिलं असतं. पण हल्ली ती दुपारी कधीही जा, झोपलेलीच असते. ब्लाउज अंगावर लोंबायला लागलेत. कानाचं मशीन ड्रॉवरमध्ये पडून, त्यात सेलच नाही. आणि एक मावशी खोलीत आल्या की आत्या पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून घेते आणि गप्प होते, त्या बाहेर गेल्या की परत बोलायला लागते. बाकी कुणी आलं तर असं करत नाही.

चुलतभाऊ म्हणतो तू फार विचार करतेस, डिमेन्शियात असं होतंच, आणि आपण तक्रार केली तर ते लोक राग तिच्यावरच काढतील. खोटं कशाला बोलू, मलाही तीच भीती वाटते. उगाच कुणा गरीब बाईची नोकरी जायची आणि निघायचं काहीच नाही, हेही डोक्यात येतं. कुणी अनुभव घेतलाय का? डागांवरून काही कळतं का?

जुनाखांब:
एक मिनिट थांबू नका, उचला आणि घरी आणा. पुरावा-बिरावा नंतर.

आडवाट:
@जुनाखांब घरी झेपेना म्हणूनच ठेवलंय ना, वर लिहिलंय त्यांनी. जीवाला धोका दिसत असेल तर प्रश्नच नाही, लगेच हलवा, पोलीस किंवा अ‍ॅम्ब्युलन्सला फोन करा. पण डिमेन्शियाच्या माणसाला एका रात्रीत जागा बदलली तर गोंधळ वाढतो हेही खरं आहे, ते बघून ठरवा.

माजी_सिस्टर:
कोरांटी, मी बरीच वर्षं वॉर्डात आणि नंतर वृद्धांच्या सेंटरमध्ये काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मावशी म्हणाल्या त्यात तथ्य आहे. म्हातारपणी कातडी पातळ होते, त्यात रक्त पातळ करायची गोळी किंवा स्टेरॉइड असेल तर हाताच्या मागच्या बाजूला आणि कोपराखाली जांभळे चट्टे येतात, दुखत नाहीत, आपोआप जातात. ते बघून घाबरू नये. पण डाग कुठे आहे आणि कसा आहे हे बघायचं. 2005 साली कॅलिफोर्नियात एक अभ्यास झाला होता, म्हाताऱ्या माणसांच्या अंगावर सहज पडणारे डाग रोज तपासले, तर दहातले जवळपास नऊ हातापायांवर होते, आणि मान, कान, कुल्ले, तळपाय इथे एकही नव्हता. त्याच लोकांनी नंतर मारहाण झालेल्या वृद्धांवर अभ्यास केला, त्यात डाग मोठे होते, निम्म्याहून जास्त जणांना निदान एक तरी 5 सेंटीमीटरपेक्षा मोठा, आणि चेहरा, दंडाची बाहेरची बाजू, पाठ इथे जास्त. तुम्ही सांगताय तो चार बोटं आणि अंगठ्याचा ठसा वाटतो, म्हणजे कुणीतरी समोरून दोन्ही दंड घट्ट धरलेत. आता हे पडताना सावरायला धरलं असंही असू शकतं, खसकन उठवताना असू शकतं, हलवून दम देतानाही असू शकतं. डाग एवढंच सांगतो की धरलं. का धरलं ते नाही सांगत.

रंगावरून डाग किती दिवसांचा ते ओळखता येतं असं लोक ठासून सांगतात, त्यावर जाऊ नका, पहिल्याच दिवशी पिवळे पडलेले डागही त्या पहिल्या अभ्यासात होते.

मला डागापेक्षा जास्त खटकलं ते दोन माणसांनी दोन कारणं सांगणं. पडली असेल तर रजिस्टरमध्ये नोंद हवी, वेळ, कुणी बघितलं, डॉक्टरला कळवलं का, आणि रक्त पातळ करायच्या गोळीवरचा पेशंट पडला तर डोक्याला मार लागलाय का हे बघावंच लागतं, तिथे हयगय चालत नाही. ती नोंद मागा. नोंद नसेल तर एकतर ती पडली नाही, नाहीतर पडली आणि लपवलं, दोन्ही वाईटच.

झोपेचं आणि वजनाचंही तेच, चार्ट मागा. महिन्यात 5 टक्के किंवा सहा महिन्यांत 10 टक्के वजन न ठरवता उतरलं तर कुठलाही डॉक्टर कारण शोधतो. भरवायला माणूस नाही, कवळी हरवली, ताट समोर ठेवून तासाने उचललं, असं बरंच असतं. औषधांच्या चार्टवर हॅलोपेरिडॉल, क्वेटियापिन, रिस्पेरिडोन, लोराझेपाम यातलं (सगळी शांत करणारी, गुंगी आणणारी औषधं) काही नवीन दिसतंय का बघा. कधी कधी ही औषधं खरंच लागतात, पण पेशंट रात्री हाका मारतो म्हणून स्टाफच्या सोयीसाठी झोपवून ठेवायला दिली तर ते औषधाने बांधून ठेवणंच झालं. क्वेटियापिन, रिस्पेरिडोनच्या गटातल्या औषधांनी डिमेन्शियाच्या वृद्धांत मृत्यूचा धोका वाढतो अशी ठळक चेतावणी अमेरिकेच्या औषध नियामकाने 2005 पासून घालायला लावलीय, हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या औषधांवर 2008 पासून. आणि प्लीज कुणीही एकदम बंद करू नका हं, डॉक्टरला विचारून.

पुढच्या वेळी कपडे बदलताना तुम्हीच मदत करा. माकडहाड, कुल्ले, टाचा बघा. लाल भाग बोटाने दाबल्यावर पांढरा न होता लालच राहिला तर बेडसोर सुरू होतोय, कूस बदलली जात नाहीये. मनगटांभोवती, घोट्यांभोवती गोल वळ आहेत का तेही बघा.

आणि सगळ्यात आधी, बाहेरचा डॉक्टर. त्यांच्या राउंडला येणारा नाही. डाग फिकट व्हायच्या आत.

कोरांटी:
बापरे, खूप आभार. दोन प्रश्न. आत्याला विचारू का? तिचं बोलणं आज एक उद्या एक असतं, कोण विश्वास ठेवणार. आणि खोलीत गुपचूप कॅमेरा लावावा का, चुलतभावाचं आता तेच म्हणणं आहे (कालपर्यंत मी फार विचार करत होते, आज ह्याला डिटेक्टिव्ह व्हायचंय).

माजी_सिस्टर:
विचारा. वर म्हटलं त्या दुसऱ्या अभ्यासात, 2009 चा, दहातल्या नऊ जणांना डाग कसा पडला ते सांगता आलं होतं, आणि त्यात विसरभोळे, डिमेन्शिया असलेलेही बरेच होते. "तिला काय कळतंय" ह्या एका वाक्याच्या आड फार गोष्टी लपतात.

फक्त कसं विचारता ते महत्त्वाचं. कानाचं मशीन सेल घालून कानात, चष्मा डोळ्यावर, खोलीत दुसरं कुणी नाही, आणि तिची जी चांगली वेळ असेल ती, बहुतेकांची सकाळ असते. "त्या मावशीने मारलं का" असं विचारू नका, हो म्हणाली तरी तो शब्द तुमचा. "हाताला काय झालं गं?" एवढंच, मग थांबा, गप्प बसता येत असेल तर गप्प बसा. ती जे म्हणेल ते तिच्याच शब्दांत लिहून ठेवा, अर्धवट असलं तरी, वर तारीख वेळ. "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका, कारण तुम्हाला सांगावं लागणार आहे. "तुझी चूक नाही, बरं झालं सांगितलंस" एवढं म्हणा.

फोटो काढताना एक लांबून, चेहरा आणि हात दोन्ही दिसेल असा, मग जवळून, शेजारी मोजपट्टी ठेवून. तिला विचारून काढा, तिला कळो न कळो. आणि ग्रुपवर फिरवू नका.

लैंगिक त्रासाची नुसती शंका आली तरी, म्हणजे आतल्या कपड्यांवर रक्त, मांड्यांवर डाग, अंघोळीला एकदम घाबरणं, तर अंघोळ घालू नका, कपडे धुवू नका, तडक हॉस्पिटल आणि पोलीस.

आडवाट:
कॅमेऱ्याचं मी सांगतो, वडिलांच्या वेळी आम्हीही विचार केला होता. कायदा ठिकाणाप्रमाणे बदलतो, काही ठिकाणी परवानगी लागते, खोलीत दुसरा पेशंट असेल तर त्याच्या खासगीपणाचा प्रश्न येतो, आणि आवाज रेकॉर्ड करण्याचे नियम आणखी वेगळे. वकिलाला विचारल्याशिवाय नको. आम्ही त्याऐवजी भेटीच्या वेळा बदलत राहिलो, कधी जेवणाच्या वेळी, कधी रविवारी सकाळी स्टाफ कमी असतो तेव्हा, कधी झोपवायच्या वेळी. जाणारं माणूसही बदलायचं. ज्याच्याकडे कोणीतरी कधीही टपकतं त्या पेशंटला हात लावायला लोक बिचकतात. तुमच्या चुलतभावाची जी भीती आहे ना, राग तिच्यावर काढतील, त्यावर माझ्या मते हाच उपाय. गप्प राहून ती भीती कमी होत नाही.

तक्रार लेखी द्या, मेलने, मॅनेजरला, आणि शब्द साधे ठेवा. "अमुक तारखेला हे दिसलं, दोन वेगळी कारणं सांगितली, नोंद दाखवा, चौकशी होईपर्यंत अमुक व्यक्तीला आत्याच्या खोलीत पाठवू नका." मारलं, छळ केला हे शब्द तुम्ही वापरायची गरज नाही. उत्तराला मुदत द्या. उडवाउडवी झाली तर त्या जागेला लायसन्स देणारं, तपासणी करणारं जे सरकारी खातं असेल तिथे, शिवाय बऱ्याच देशांत वृद्धांची हेल्पलाइन असते. सिद्ध करणं त्यांचं काम आहे, तुमचं नाही. आणि त्या मावशींना एकटं गाठून जाब विचारू नका, सावध होतील आणि बाकीचे त्यांच्या बाजूने उभे राहतील.

पाऊलखुणा:
मी इथे फारशी लिहीत नाही पण हे वाचून राहवलं नाही. मी तुमच्या त्या मावशींचंच काम केलेलं आहे. रात्रपाळीला एकटी बाई, अख्खा मजला, एकीचं डायपर बदलतेय तोवर दुसरी कठड्यावरून उतरायला बघते, तिसरी चावते, हो चावतात, नखं मारतात, त्याचं कुणी ट्रेनिंग देत नाही. घाईत हात आपटला जातो, ओढलं जातं. मी समर्थन करत नाहीये, ज्या आजीचा दंड दुखला तिला काय फरक पडतो मी दमलेली होते की दुष्ट होते. पण तक्रारीत रात्री किती माणसं असतात हा प्रश्न जरूर विचारा, नाहीतर एकीला काढतात, तिच्या जागी दुसरी नवी येते आणि मालक मोकळा.

आणि जिच्यावर शंका आहे तिच्याबद्दल बाकीच्या मावशींना बहुतेक माहीत असतं. त्या बोलत नाहीत कारण पगार त्याच हातातून येतो.

माजी_सिस्टर:
शंभर टक्के. डब्ल्यूएचओ जो आकडा देते तो अशा संस्थांमधल्या कर्मचाऱ्यांनी स्वतः दिलेल्या माहितीवरचा आहे, दर तिघांपैकी दोघांनी मागच्या वर्षभरात काही ना काही गैरवागणूक केल्याचं मान्य केलंय. त्यात ओरडणं, दुर्लक्ष करणं सगळं धरून. सगळे काही राक्षस नसतात.

कोरांटी:
अपडेट देते. बाहेरच्या डॉक्टरांकडे नेलं, सकाळीच. त्यांनी कागदावर लिहून दिलं की डाग घट्ट धरल्याने पडल्यासारखे आहेत, घसरून पडल्याशी जुळत नाहीत. डोक्याला काही नाही. माकडहाडावर लालसर आहे, अजून फुटलेलं नाही. वजन मार्चमध्ये 52 होतं, आता 47. चार्टवर संध्याकाळचं क्वेटियापिन नवीन निघालं, आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं, डॉक्टर म्हणाले हळूहळू कमी करू.

पडल्याची नोंद नाही. मेल गेला. मॅनेजर फोनवर फार गोड बोलल्या, "आपण भेटून बोलू ना, लेखी कशाला." मी म्हटलं भेटूच, पण उत्तर मेलवर द्या. त्या मावशींना सध्या दुसऱ्या मजल्यावर टाकलंय म्हणे.

आत्या म्हणाली, "ती उठ उठ करते गं, मला उठता येत नाही." बस एवढंच, लिहून ठेवलंय.

आता अडलंय ते असं की दुसऱ्या मजल्यावर टाकलंय म्हणजे तिथेही कुणाची तरी आत्या आहेच ना. तपासणी खात्याकडे आत्ताच जावं की मॅनेजरच्या उत्तराची वाट बघावी?

पाऊलखुणा:
आत्ताच. मजला बदलणं म्हणजे चौकशी नाही.

आडवाट:
+1. डॉक्टरांच्या कागदाची झेरॉक्स जोडा, ओरिजिनल हातातून सोडू नका. रात्रीच्या माणसांचा प्रश्न त्यातच घाला.