फ्लॅट घेताना आवाजाचं कोण बघतं का?

रंकाळाकर:
पाहुण्यांनी कावळा नाक्याजवळ फ्लॅट बुक केला, भर दुपारी बघून. पार्किंग बघितलं, देवघराची दिशा बघितली, रेटवरनं घासाघीस केली, पण हायवेकडच्या बेडरूममध्ये रात्री काय ऐकू येतंय हे कुणी बघितलंच नाही. माझं स्पष्ट मत, टोकन द्यायच्या आधी रात्री ११ ला आणि पहाटे तिथं जाऊन थांबा, आणि लिफ्ट, पाण्याची मोटर, वरच्यांच्या बाथरूमचा डक्ट यातलं काय बेडरूमच्या भिंतीला लागून आहे ते प्लॅनवर बघा.

पेठकर:
भावा, कोल्हापुरात राहायचं आणि आवाज नको? मॅच जिंकली की पेठेत हलगी घुमणारच. हप्ता आधीच छाताडावर बसलाय, त्यात शांत लोकेशनला जादा पैसे कुठनं आणू? चांगली यूपीव्हीसी (कडक प्लास्टिकच्या फ्रेमची) खिडकी बसवायची, विषय संपला.

साईटवरचा:
विषय नाही संपत. खिडकीनं हॉर्न कमी होतो, पण वरच्यांनी खुर्ची ओढली की तो आवाज स्लॅबमधनं येतो, त्याला खिडकी काय करणार. डॉल्बीचा बेस पण काचेला दाद देत नाही. आणि स्लायडिंग घेऊ नका, ट्रॅकच्या फटीतनं आवाज येतोच, दारासारखी उघडणारी घ्या, रबर दाबून बसतं. दोन फ्लॅटमधली भिंत ४ इंची एएसी (सच्छिद्र सिमेंटच्या) ब्लॉकची आहे का ते पण विचारा, ब्लॉक हलका असतो, तेवढ्याच जाडीच्या विटेपेक्षा त्यातनं जास्त ऐकू येतं.

पेठकर:
आणि एप्रिलमध्ये सगळं बंद करून बसायचं? एसीचं बिल कोण भरणार?

रंकाळाकर:
म्हणून तर म्हणतोय, आधी जागा बघा. हायवेकडं हॉल येऊ दे, झोपायची खोली मागं. याला जादा पैसे लागत नाहीत, त्याच बिल्डिंगमधला मागचा फ्लॅट मागायचा.

नागाळा पार्क:
आवाजाचे नियम आहेत की २००० सालचे. रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री १० ते सकाळी ६ फक्त ४५. तक्रार करा.

पेठकर:
ज्या मंडळाला वर्गणी देतोय त्याच्यावर तक्रार? जमणार नाही. हायवेच्या ट्रकवर तर कुणाची तक्रार करायची? पण मागच्या फ्लॅटचं पटलं. आमचा कळंब्याला बघायचं चाललंय, रात्री एक चक्कर मारून येतो.