हॉप्लाइटची ढाल आणि लिनोथोरॅक्स, कसं करावं?

रानवाट: मॅरेथॉनच्या लढाईच्या काळातला, म्हणजे इ.स.पू. ४९० चा हॉप्लाइट, ग्रीक पायदळातला सैनिक, सादरीकरणासाठी उभा करायचाय. ढाल फायबरची चालेल की लाकूडच हवं? आणि लिनोथोरॅक्स, म्हणजे लिननचं चिलखत, गोंदाने थर चिकटवून करायचं की शिवून? नेटवर प्रत्येक जण वेगळंच सांगतोय.

जुनाट: ढाल लाकडाचीच करा हो! व्हॅटिकनच्या म्युझियममध्ये एक एट्रुस्कन (प्राचीन इटलीतली) ढाल आहे, तिचं लाकूड पॉपलरचं, वरून ब्राँझचा पातळ पत्रा. साधारण ९० सेंमी व्यास आणि ६ ते ८ किलो वजन धरून चाला. पण खरी गोम खोलगटपणात आहे, पोरपॅक्समधून, म्हणजे ढालीच्या आत मधोमध असलेल्या पट्ट्यातून, हात कोपरापर्यंत आत जातो, मुठीत काठाजवळची दोरी येते आणि ढालीची कड खांद्यावर टेकते, म्हणून एवढं वजन पेलता येतं. बाजारात मिळणाऱ्या उथळ ढाली खांद्यावर बसतच नाहीत, सगळा भार हातावर. पोरपॅक्स मात्र स्वतःच्या हाताच्या मापानेच बनवा.

मीनल_क: लिनोथोरॅक्स एकही शिल्लक नाही, म्हणून हा वाद मिटत नाही. विस्कॉन्सिन-ग्रीन बे विद्यापीठातल्या लोकांनी लिननच्या कापडाचे थर चिकटवून त्यावर बाण मारून बघितले, तो चांगलाच टिकला, पण त्याने तो टिकतो एवढंच कळतं, त्या काळी लोक तसाच करायचे हे सिद्ध होत नाही. काही जण तर ते चामड्याचं होतं म्हणतात. मला बर्लिनमधला सोसियास चित्रकाराचा प्याला महत्त्वाचा वाटतो, त्यात ट्रॉयच्या कथेतला वीर अकिलीस त्याचा मित्र पॅट्रोक्लसची जखम बांधतोय आणि पॅट्रोक्लसची खांद्यावरची एक पट्टी सुटून ताठ उभी राहिलीय. म्हणजे मटेरियल कोणतंही घ्या, सुटलेली पट्टी लोंबली नाही पाहिजे. मी असते तर जाड थर घट्ट शिवले असते.

रानवाट: वा, तो प्याला बघतोच! आणि शिरस्त्राण?

जुनाट: कोरिंथियन. ऑलिंपियाला मिल्टियाडीसचं, म्हणजे मॅरेथॉनच्या अथेनियन सेनापतीचं, नाव कोरलेलं शिरस्त्राण आहे ना, तोच प्रकार. कान झाकले जातात, ऐकू फार कमी येतं, त्यामुळे रांगेत हुकूम खुणेने द्यायचं आधीच ठरवा. आणि भाल्याच्या मागच्या टोकाला सॉरोटर असतो, ब्राँझचा अणकुचीदार, सरावात त्यावर रबरी टोपण हवंच, मागच्या रांगेतल्या माणसाच्या पोटात जाईल.