इंटर्नशिप संपत आलीय आणि हात परत मातीत गेलेत, डॉक्टरचा शिल्पकार झालेल्या मॅकेन्झीची सुरुवात कशी झाली?

मातीचे_हात:
नमस्कार मंडळी. सोलापूरलाच एमबीबीएस केलं, इंटर्नशिपचे तीन महिने राहिलेत. घर पूर्व भागात, अम्मा विड्या वळते, पप्पा यंत्रमागावर होते. शेजारीच गणपतीचा कारखाना, त्यामुळे सहावी-सातवीत शाळा सुटली की मी तिथंच, शाडू मळून दे, कान करून दे, मग बारावी आली, नीटची परीक्षा आली आणि सगळं सुटलं. फर्स्ट इयरला डिसेक्शन हॉलमध्ये खांद्याचा डेल्टॉइड स्नायू उघडा बघितला तेव्हा मला माती आठवली, आपण नुसताच गोळा चिकटवायचो तो असा पुढून, बाजूनं आणि मागून येऊन एका ठिकाणी मिळतो होय! तेव्हापासून रात्री खोलीवर परत करायलोय. घरी रोज पीजीचा विषय निघतो, त्यांचं चूक नाहीये, खूप केलंय त्यांनी माझ्यासाठी. रॉबर्ट टेट मॅकेन्झी या कॅनडाच्या डॉक्टरबद्दल थोडं वाचलं. त्याने प्रॅक्टिस कधी सोडली, शिल्प शिकला कुठं? मोठा झाल्यानंतरचं नको, सुरुवातीचं सांगा.

डिसेक्शन_हॉल:
अरे, डॉक्टरकी सोडलीच नाही त्याने! मी ॲनाटॉमी, म्हणजे शरीररचना शिकवते, पहिल्या वर्षाच्या मुलांना त्याचं नाव आवर्जून सांगते. जन्म 1867, ऑन्टारिओतलं आल्मोंट गाव, वडील पाद्री, ते लवकर गेले. बास्केटबॉल शोधणारा जेम्स नायस्मिथ त्याचा लहानपणापासूनचा मित्र. 1892 ला मॅकगिल विद्यापीठातून डॉक्टर झाला, स्वतः पट्टीचा जिम्नॅस्ट होता, मग तिथंच ॲनाटॉमी शिकवणं, विद्यार्थ्यांच्या व्यायामाचं बघणं आणि मॉन्ट्रियलमध्ये प्रॅक्टिस असं सगळं एकदम चालू होतं. काही काळ कॅनडाच्या गव्हर्नर जनरलचा घरचा डॉक्टरसुद्धा होता.
आता मातीकडं कसा वळला ते ऐक. पळणाऱ्याचा चेहरा दमताना कसा बदलतो हा त्याचा अभ्यासाचा प्रश्न होता, कपाळाचा कुठला स्नायू ओढला जातो, ओठ कधी ताणतात, जबडा कधी लोंबतो. ते शब्दांत मावेना म्हणून त्याने चार मुखवटेच केले: जिवाच्या आकांताचा जोर, धाप, थकवा आणि शेवटी पार गळून गेलेला चेहरा. कुठल्या आर्ट स्कूलात रीतसर शिकलेला नव्हता, ॲनाटॉमीच्या जोरावर बसला करायला. मग 1902 मध्ये ‘स्प्रिंटर’ केला, पळायच्या आधी हात टेकून वाकलेला धावपटू, आणि 1903 मध्ये ‘ॲथलीट’, त्यासाठी हार्वर्डच्या तगड्या पोरांच्या मापांची सरासरी काढली होती.

साचा_आणि_काथ्या:
म्याडमनी भारी माहिती दिली. आमचा तीन पिढ्यांचा मूर्तीचा धंदा हाय. मापाचं वाचून बरं वाटलं, आमच्यात पण चेहऱ्याची लांबी म्हणजे एक ताल, आन नऊ तालात अख्खी मूर्ती बसवतेत, फक्त आमचं माप देवाचं आन त्याचं माणसाचं. डॉक्टर, तुमाला एकच विचारतो, आतला सांगाडा घालायलाव का नुसती माती थापायलाव? उभं काम असंल तर आदी तार वाकवून घ्या, तिला सुतळी गुंडाळा म्हणजे माती धरती. आन शाडू एकदम वाळू देऊ नका, ओलं फडकं टाकून ठेवा, न्हाईतर खांद्यालाच तडा जातोय.

हाडवैद्य_५८:
मी ऑर्थोवाला. कौतुक आहेच पण एक सांगतो बाळा, त्याला पगार होता. 1904 ला पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने बोलावलं ते व्यायाम विभागाचा प्रमुख म्हणून, शिल्पकार म्हणून नाही, आणि पुढची पंचवीसेक वर्षं त्या नोकरीच्या आधाराने त्याने ब्राँझचा खर्च पेलला. पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांचे हातपाय परत चालते करायचं काम केलं ते डॉक्टर म्हणूनच. ऑलिम्पिकच्या कलास्पर्धेतलं ब्राँझ पदक मिळालं 1932 ला, तेव्हा वय 65! म्हणून पीजी कर, पण ऑर्थो किंवा पीएमआर (शरीराची हालचाल परत आणायचं, पुनर्वसनाचं वैद्यक) घे, दिवसभर शरीरच बघत बसशील. आमच्या ओपीडीत विड्या वळणाऱ्या बायका येतात ना, मान पुढे, उजवा खांदा वर चढलेला, ते मी इतकी वर्षं नुसतं केसपेपरवर लिहीत आलो.

मातीचे_हात:
सर, तुमचं शेवटचं वाक्य वाचून मी बराच वेळ गप्प बसलो, कारण ते तर मी रोज घरात बघतोय, आणि मी मात्र रात्री खोलीवर पुस्तकातले ग्रीक खांदे करत बसलोय. मॅडम, चार मुखवट्यांचं आधी कुणीच असं सांगितलं नव्हतं. दादा, तार नव्हती घातली, म्हणूनच पडत होतं बहुतेक, आज बारा गेजची आणली. अम्माला विचारलं, सकाळच्या पहिल्या विडीला, दुपारी आणि हजार पुऱ्या व्हायच्या वेळेला तुझी मान बघत बसू का, तर रविवारी मांडीवर सूप घेऊन दारात बसते म्हणाली, उजेड तिथं चांगला असतो.